गोऱ्ह्याचा खरवस

आमच्या घरात कुणी मटण खात नाही. अंडंसुद्धा नाही. पाहुण्यांमध्ये हे सांगताना माझा आवाज जरा वर चढायचा, आणि तो चढलेला मला स्वतःला ऐकू यायचा. माझं माहेर तिसगावचं. तिथं जत्रेला बोकड पडायचा, मसाला वडील स्वतः वाटायला बसायचे, आणि लहानपणी नळीसाठी मी भावाशी भांडलेली आहे. लग्न होऊन नगरजवळच्या केडगावच्या पुढं, पुण्याच्या रस्त्यावरून आत असलेल्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच एकादशीला सासूबाईंनी माझ्या गळ्यात माळ घातली. त्यानंतर माहेरी गेले तरी मी माझं ताट वेगळं मांडून घ्यायची. भाऊ म्हणायचा, "आक्का, रश्शाचा वास तरी चालतो का, का खिडकी उघडू?" सगळे हसायचे. मीही हसायची. पण आतून वाटायचं, यांना कळत नाही. जीव मारून खातात.

हे लिहायला बसले आहे ते त्या वाटण्यामुळंच. हे मला तोंडानं बोलता येत नाही. एकदा बोलायला गेले, ते कसं फसलं हे शेवटी येईलच.

आमच्याकडं गाई आहेत, काळ्या-पांढऱ्या, संकरित. दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं आणि त्यावर घर चालतं. शेती म्हणाल तर पाऊस असेल तशी. आता गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि व्याली की एकतर कालवड होते नाहीतर गोऱ्हा. कालवड वाढून दुधाला येते. गोऱ्ह्याचं काय होतं, हे दूध पिणाऱ्या माणसानं मला आजवर विचारलेलं नाही. नगरला माझी एक मावसबहीण आहे, फार हळवी, रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालते. तिनंही नाही.

या जातीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं. जू टिकत नाही, उन्हात तोंडाला फेस येतो. आणि औत तरी कुणाकडं उरलंय, सगळी ट्रॅक्टरची कामं. पूर्वी एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा आणि पंधरा दिवसांचे गोऱ्हे घेऊन जायचा. कुठं नेतो हे आम्ही विचारत नव्हतो, तो सांगत नव्हता. चहा पिऊन जायचा. मग कायदा झाला. रस्त्यात गाड्या अडवायला लागले आणि व्यापारी यायचा थांबला. गोऱ्हे मात्र व्हायचे थांबले नाहीत. हल्ली गाय भरवायला कालवडच होईल अशी रेताची कांडी डॉक्टरकडं मिळते. आम्ही करून बघितली. ती महाग पडते, गाय त्यावर गाभण राहीलच असं नाही, आणि राहिली तरी एखाद्या वेळी गोऱ्हा होतोच.

तर व्यापारी बंद झाल्यावर पहिला गोऱ्हा झाला तेव्हा सासूबाई गव्हाणीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ह्याला हात आखडता घे." बास. मारा, असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलेलं नाही.

हात आखडता घ्यायचा म्हणजे काय, ते सांगते. वासरू जन्मलं की त्याला आईचा चीक पाजावा लागतो. त्या पहिल्या दाट पिवळ्या दुधावाचून ते तगत नाही. कालवडीला आम्ही तो पोटभर पाजतो, बाटलीनं, अंगाला चोळून, गोणपाट पांघरून. गोऱ्ह्याला पाजत नाही. त्याला गोठ्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याखाली, गाईला दिसणार नाही असा बांधतो. आणि अगदीच काही दिलं नाही असं नको म्हणून ताकाचं पाणी पाजतो. पहिले दोन दिवस तो ओरडतो. मग आवाज बारीक होतो. हगवण लागते. आठवडाभरानं, कधी थोडं पुढंमागं, सकाळी बघावं तर मान टाकलेली असते. मग "गेला बिचारा" असं म्हणायचं आणि बांधाला खड्डा घेऊन, वर मीठ टाकून पुरायचं. चुकचुकायचंसुद्धा. मी खरंच चुकचुकत असे. त्यात ढोंग नव्हतं, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

ताकाचं पाणी पाजायचं काम माझ्याकडं आलं. सासूबाई गेल्या, काम माझ्याकडं राहिलं. किती झाले, ते मी मोजलेलं नाही. मोजावेसे वाटले नाहीत.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही, कारण गावात ती सगळ्यांना माहीत आहे. डेअरी चीक घेत नाही. गोऱ्ह्याच्या पोटात जो चीक गेला नाही, त्याचा आम्ही खरवस करतो. गूळ, वेलची, थोडं जायफळ. आमच्या घरच्या खरवसाचं गावात नाव आहे. माळकऱ्याचं घर, सोवळ्याचे हात, म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम सांगून ठेवतात, गाय व्याली की वाटी पाठवा. कालवड झाली तर चीक तिला लागतो, म्हणून शेजारी एखादी वडी जाते. गोऱ्हा झाला की वाटी भरून जाते. घेणारीला झाकण उघडलं की कळतं काय झालं ते. कुणी बोलत नाही. वाटी घासून परत येते, तिच्यात रीत म्हणून चिमूटभर साखर घातलेली असते.

हे असं चाललं होतं. चालूच राहिलं असतं आणि मी ते लिहिलंही नसतं. पण सून आली.

मुलासाठी मुलगी केली ती नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातली, धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातली. भाताची शेती, उताराची घरं. त्यांच्यात कोंबडं चालतं, धरणातले मासे चालतात. बैठकीत आमच्या मालकांनी घसा खाकरून सांगितलं की आमच्यात हे काही चालायचं नाही. मुलीचे वडील म्हणाले, पोरगी सोडील. तिला कुणी विचारलं नाही, पण तिनं सोडलं. पुढं एकदा भाकरी थापताना मला म्हणाली, कोंबडीचं काही नाय वाटलं, माशाचं मात्र अजून सपान पडतं. मला हसू आलं. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. ती मला आत्या म्हणायची, आणि गोठ्यात माझ्या मागं मागं असायची. गाईच्या कासेला माझा हात लागला की गाय लगेच पान्हावते, हे तिनं हेरलं. म्हणाली, "आत्या, तुमच्या हाताला माया हाये." 

तिच्या समोरची पहिली गाय व्याली ती भर दुपारी. मी मळ्यातून येईपर्यंत वासरू बाहेर आलं होतं आणि ही पोरगी अंगणात पळत आली. "आत्या, गोऱ्हा झाला." तोंडभर हसत होती. तिच्या माहेरी गोऱ्हा झाला की आनंद. डांगी जातीची जनावरं त्यांची. गोऱ्ह्याचा बैल होतो, बैलावर भात निघतो. तिनं मला विचारायच्या आत त्याला आईला लुचू दिलं, देव्हाऱ्यातलं हळदकुंकू नेऊन त्याच्या कपाळाला लावलं आणि नारळ आहे का विचारलं. मालक दावं सोडत होते, ते तसंच टाकून बाहेर निघून गेले. मुलगा मोबाईलमध्ये बघत राहिला. घरातल्या सगळ्यांना कळलं होतं की हिला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

मी सांगितलं नाही. खरवस केला. दुसऱ्या दिवशी तिच्याच हातात वाट्या देऊन शेजारी धाडलं.

ती परत आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी होती. शेजारच्या वहिनींनी झाकण उघडून नुसतं म्हटलं होतं, गोऱ्हा झाला वाटतं. हिनं त्यांना सांगितलेलंच नव्हतं. "त्यांना कसं कळलं, आत्या?"

"वाटी भरलेली होती म्हणून," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता कळेल. पण तिला नाही कळलं. ज्या घरात असं होतच नाही, तिथल्या माणसाच्या ते डोक्यातच येत नाही. तिनं विचारलं की गोऱ्ह्याला आता काय पाजायचं. मी म्हणाले, ताकाचं पाणी. ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. "तान्ह्याला ताक?" म्हणाली, आणि बाटली घेऊन गोठ्यात गेली, आणि डेअरीच्या किटलीत ओतायच्या आधी बादलीतलं दूध काढून त्याला पाजलं. त्या दिवशी किटलीतलं दूध कमी भरलं. रोज कमी भरायला लागलं. मालकांच्या लक्षात आलं, मुलाच्या लक्षात आलं. दोघंही माझ्याकडं बघायचे. तुझी सून, तू सांग.

मी का सांगितलं नाही, यावर मी खूप विचार केलेला आहे. दया आली असं म्हणायला बरं वाटेल. पण त्या गोऱ्ह्याची मला विशेष दया आली नव्हती. माझ्या हातून गेलेल्यांपेक्षा तो काही वेगळा नव्हता. मला त्या मुलीचं वाटत होतं. आमच्या घरात येताना तिनं मासे सोडले. बाकी जे घेऊन आली होती, ते तरी तिच्याकडं राहावं. तिला माझ्यासारखं व्हायला लागू नये. मला एवढंच हवं होतं, आणि ते आमच्या गोठ्यात कसं जमणार होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

गोऱ्हा जगला. चांगला धट्टाकट्टा झाला. सुनेच्या पदराला तोंड घालायचा, तिच्या मागं ओट्यापर्यंत यायचा. बादलीचा आवाज आला की कुठूनही पळत यायचा. मालक चिडून म्हणायचे, "ह्याचं बारसं करायचं राह्यलंय तेवढं." मुलगा म्हणायचा, आधार कार्ड काढू. सून म्हणायची, बैल होईल, मग बोला. त्यावर मालक एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "अगं पोरी, ह्याला वशिंडच न्हाई. जू ठिवायचं कुठं, तुझ्या डोक्यावर?" ती हसली नाही. माहेरी फोन लावून वडिलांना विचारलं. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर ती बैलाचं बोलली नाही. पाजायची मात्र थांबली नाही.

दुसरं वर्ष लागलं आणि तो दाव्याला आवरेना. दोनदा खुंटा उपटून घासाच्या वाफ्यातून फिरला. गाभण गाईच्या अंगावर जायचा. एकदा मालकांना गव्हाणीवर दाबलं, चार दिवस त्यांना कुशीवर वळता येईना. उन्हाळ्यात साठवलेला मुरघास संपत आला, आणि दोन दुभत्या गाईंइतकं तो एकटा खात होता. आता त्याला आखडता हात घेण्याचीही सोय नव्हती. आठवड्याच्या वासराचं जे होतं ते दीड-दोन वर्षांच्या खोंडाचं होत नाही. तो दोन महिने उभ्यानं वाळत गेला असता, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. गोशाळेला विचारलं. आत जागा नाही म्हणाले, खरंच नव्हती. आमच्यासारखेच दोघं-तिघं फाटकाबाहेर दावं धरून उभे होते.

मी तिसगावला भावाकडं गेले. तो शेळ्या पाळतो, बाजारात विकतो, त्याची चार ठिकाणी ओळख. म्हटलं, कुणी नेणारा असला तर बघ. तो म्हणाला, आता कोण नेतंय आक्का, नेणाऱ्याला रस्त्यात धरत्यात. मग त्यानं विचारलं की आजवरच्या गोऱ्ह्यांचं तुम्ही काय करत होता. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. चिकाचं, ताकाच्या पाण्याचं, पत्र्याखालचं. खरवसाचं सांगितलं नाही.

त्यानं तंबाखू मळली. मग म्हणाला, "आमचा बोकड एका घावात जातो, आक्का. तुमचा आठ दिस मरतो."

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. त्याला वाईट वाटलं होतं. घरी येताना बसमध्ये मी मनाशी त्याच्याशी भांडत होते. लहानपणी मी पाहिलेलं आहे: बोकडाला जत्रेच्या दिवशी न्हाऊ घालायचे, पाठीवर पाणी टाकायचे, आणि त्यानं अंग झाडलं की म्हणायचे, देवानं होकार दिला. गार पाणी पडल्यावर कुणीही अंग झाडेल. घाव घालताना वडील दुसरीकडं बघायचे. त्यांच्याकडचं सगळं साफ आणि आमच्याकडचं सगळं घाण, असं नव्हतं. पण त्यामुळं माझं काही हलकं झालं नाही. पूर्वी निदान एक बाजू माझी आहे असं वाटायचं. आता बसच्या खिडकीशी बसून वाटलं, की बाजूच नाही. मटण न खाणं हे मी धर्म म्हणून मिरवत होते, आणि घरी माझ्या हातानं जे होत होतं त्याला मी नावसुद्धा दिलेलं नव्हतं.

आषाढात सुनेला मी माहेरी पाठवलं. लावणीचे दिवस आहेत, आईला मदत होईल, जा. ती खूश झाली. जाताना गोऱ्ह्याच्या गळ्याखाली खाजवून गेली आणि मला म्हणाली, त्याला दुपारचं पाणी विसरू नका.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याला पिकअपमध्ये चढवला. चढवायला त्रास झाला नाही. मी बादली वाजवत पुढं चालले, तो माझ्या मागं आला. जवळ सोडलं की जनावर परत येतं, म्हणून लांब जायचं ठरलं होतं. नगर ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला, करंजी घाटाच्या अलीकडं, माझ्या माहेरच्याच वाटेवर. मुलगा गाडी चालवत होता, मालक मागं दावं धरून.  घाटाखाली एके ठिकाणी थोडं गवत दिसलं तिथं गाडी थांबवली. आम्ही पहिले नव्हतो. तिथं आधीच चार-पाच उभे होते, काळे-पांढरे, आमच्यासारख्यांनीच सोडलेले. एकाच्या नाकातली वेसणही कुणी काढली नव्हती. एकाच्या मागच्या पायाला गाडीचा मार लागलेला होता.

मालकांनी दावं काढून घेतलं. गोऱ्हा गाडीपासून हलेना. मग मी पेंडीची पाटी आणली होती ती खाली ओतली. त्याच्यासाठी मुद्दाम दुभत्या गाईची चांगली पेंड घेतली होती. तो खाली मान घालून खायला लागला, आणि तो खात असताना आम्ही निघालो. मागच्या काचेतून मी बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

सून परत आली, आणि पिशवी हातातच ठेवून गोठ्यात गेली. बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं: तिसगावकडं एक शेतकरी भेटला, माझ्या भावाच्या ओळखीचा, त्याला खोंड पाहिजे होता, दिला. हे मी इतक्या सहज बोलले की मुलगाही माझ्याकडं बघायला लागला. तिनं बारीकसारीक विचारलं. जागा कशी आहे, सावली आहे का, माणूस मारका तर नाही. मी सगळ्याची उत्तरं दिली. विहीर आहे म्हणाले. चिंचेचं झाड आहे म्हणाले. ती म्हणाली बरं झालं, आणि पुढचे तीन-चार महिने अधूनमधून मला त्याची आठवण सांगत राहिली. तो कसा पदर ओढायचा. मी ऐकत राहिले. ते महिने माझे फार वाईट गेले आणि तिचे चांगले गेले, आणि हे असंच राहावं असं मला वाटत होतं.

भाऊबीजेला भाऊ आला. मी त्याला ओवाळलं, तो जेवायला बसला. सून वाढत होती. बासुंदीची वाटी त्याच्यापुढं ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मामा, आपला गोऱ्हा कसा हाये?"

मी त्याला आधी सांगून ठेवायला हवं होतं. नव्हतं सांगितलं. त्याला खोटं सांग म्हणायची माझी छाती झाली नव्हती.

"कोंचा गोऱ्हा?" भाऊ म्हणाला.

"तुमच्या वळखीच्या माणसाला दिला तो."

भावानं माझ्याकडं बघितलं. मग ताटाकडं बघितलं. "न्हाई बा," म्हणाला, "इकडं कुणी न्हाई नेला."

तिनं पुढं काही विचारलं नाही. त्याला अजून थोडी बासुंदी वाढली, नको म्हणेपर्यंत वाढली. मग ओगराळं धुऊन ठेवलं. त्या संध्याकाळी धारा काढताना ती माझ्या शेजारच्या गाईखाली बसली होती. मी वाट बघत होते, आता बोलेल, रडेल, शिव्या देईल, माहेरी निघून जाईल. मला खरंच वाटत होतं की तिनं जावं. ती धार काढत राहिली. फक्त त्या दिवसापासून तिनं मला गोठ्यातलं काही विचारणं बंद केलं. स्वयंपाकघरात बोलायची, पाहुण्यांचं, साड्यांचं, डाळीच्या भावाचं. चांगलंच बोलायची.

मधे ज्या गाई व्याल्या त्यांना कालवडीच झाल्या होत्या. थंडीत पुन्हा गाय व्याली. मी सकाळच्या वेळी डेअरीत किटली पोचवायला गेले होते, मुलाला ताप होता म्हणून. परत आले तर गाय मोकळी झालेली, अंग चाटायला जवळ काही नव्हतं, आणि मागच्या पत्र्याखालून आवाज येत होता. मला वाटलं मालकांनी बांधलं असेल. मालक मळ्यात होते.

स्वयंपाकघरात आले. सून चुलीपुढं बसून गूळ फोडत होती. बाजूला चिकाचं पातेलं भरलेलं होतं. काठोकाठ. मला बघून तिनं सरकून जागा केली, चहा ठेवू का विचारलं, आणि पुन्हा गुळाला लागली. वेलची सोलून ठेवलेली होती. तिला मी हे कधी शिकवलं नव्हतं. बघून बघून तिला सगळं आलं होतं.

इतक्या वर्षांत मला जे बोलता आलं नव्हतं ते मी तेव्हा बोलायला घेतलं. म्हणाले, सोड ते. उठ. त्याला पाज आधी, अजून वेळ गेलेली नाही. म्हणाले, आपण हे जे करतो ते मारणंच आहे, पोरी, दुसरं काही नाही, मी आजवर कितीतरी असे माझ्या हातानं घालवले, तू नको करू.  आणि बोलता बोलताच मला दिसत होतं की माझ्याकडं पुढचं काही नाही. पाज म्हटलं तर पुन्हा तो वाढणार, पुन्हा खुंटा उपटणार, पुन्हा घाट. गाई विकल्या तर घेणारा हेच करणार. ती आता मला विचारेल, मग काय करू.

पण तिनं ते विचारलं नाही. तिनं गुळावरचा हात थांबवला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अगदी हळू, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समजावावं तशी म्हणाली, "बोलू नका, आत्या. बोललं का मग हात चालत नाय."

आणि गूळ फोडायला लागली. मी तिथंच उभी राहिले, मग ताटल्या काढल्या, कारण उभं राहून काय करायचं ते सुचेना. मागून आवाज येत होता. दोघींनाही ऐकू येत होता. तिनं चीक गाळला, गूळ घातला, ढवळला, पातेलं वाफेवर ठेवून वर झाकण दिलं. तिचा हात चांगला चालत होता.